पाण्यातून जंगलात, जंगलातून दुकानात

खेळाडू निवृत्त झाला की सिनेमात जातो आणि सिनेमाही आटला की स्वतःच्या नावाची व्यायामशाळा काढतो, हा क्रम आता आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की त्याचं कुणाला नवल वाटत नाही. परदेशातले फुटबॉलपटू पडद्यावर मारामाऱ्या करतात. आपल्याकडे दारासिंग आखाड्यातून थेट पडद्यावर आले आणि तिथं दीर्घकाळ टिकले. संदीप पाटील यांनी १९८५ साली ‘कभी अजनबी थे’मध्ये नायकाचं काम केलं. काहींना हे जमतं, बहुतेकांना जमत नाही. पण ज्यानं ही वाट अगदी सुरुवातीच्या काळात, शेवटच्या टोकापर्यंत तुडवली, त्या माणसाची गोष्ट आपण सहसा पुरती ऐकलेली नसते. त्याचं नाव जॉनी वाइसमुलर. नाव ओळखीचं वाटत नसेल, तर टारझन म्हणा. घरातले आजोबा लगेच मान डोलावतील.

मला या माणसाविषयी कुतूहल वाटतं ते त्याच्या पदकांमुळे नव्हे, आणि त्या सुप्रसिद्ध आरोळीमुळेही नव्हे. शरीर हे ज्याचं एकमेव भांडवल, त्याचं ते भांडवल दरवर्षी थोडंथोडं कमी होत जातं. मग उरतं फक्त नाव. वाइसमुलरनं आयुष्याचा उत्तरार्ध हे नाव विकण्यात घालवला. आणि त्याच नावाची मूळ नोंद त्यानं जन्मभर लपवून ठेवली होती.

जॉनीचा जन्म २ जून १९०४ चा. गाव फ्रायडॉर्फ. तेव्हा हा भाग ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता. आज ते रुमानियातल्या तिमिशोआरा शहराचं एक उपनगर आहे. तिथं जर्मन बोलणारी शेतकरी कुटुंबं पिढ्यान् पिढ्या राहत होती, त्यांतलंच हे एक. बाळ सात महिन्यांचं असताना आईवडील बोटीत बसले आणि जानेवारी १९०५ मध्ये न्यूयॉर्कच्या बंदरात उतरले. पुढचा मुक्काम विंडबर, पेन्सिल्व्हेनियातलं कोळसा खाणींचं गाव. तिथं त्याच वर्षी सप्टेंबरात धाकटा भाऊ पीटर जन्मला. काही वर्षांनी कुटुंब शिकागोला गेलं. संसार मात्र धड झाला नाही. बाप घर सोडून गेला, आईनं स्वयंपाकाची कामं धरली, आणि जॉनीची शाळा लवकरच सुटली. हॉटेलात सामान उचलायचं, लिफ्ट चालवायची, आणि फावल्या वेळात मिशिगन सरोवराच्या थंडगार पाण्यात भावाबरोबर डुंबायचं, असं त्याचं पोरवय गेलं.

या उंच, सडपातळ पोराला विल्यम बॅक्रॅक नावाच्या प्रशिक्षकानं हेरलं. इलिनॉय अॅथलेटिक क्लबचे हे बॅक्रॅक म्हणजे अवाढव्य देहाचे गृहस्थ. त्यांनी जॉनीला बरेच महिने स्पर्धेत उतरूच दिलं नाही. आधी हात कसा पडतो ते बघू, मग घड्याळ काढू, अशी त्यांची पद्धत. त्या काळी बहुतेक पोहणारे पाण्यात तोंड खुपसून ताकद लावत. जॉनी मात्र डोकं आणि खांदे पाण्याच्या वर ठेवून, होडीचा नाळ उचललेला असावा तसा पोहायला शिकला. पाण्याचा अडथळा कमी, श्वास मोकळा. ऑगस्ट १९२१ मध्ये तो राष्ट्रीय स्पर्धेत उतरला आणि जिंकला. पुढल्या वर्षी ९ जुलै १९२२ ला त्यानं १०० मीटर अंतर ५८.६ सेकंदांत कापलं. शंभर मीटर एका मिनिटाच्या आत पोहणारा तो जगातला पहिला माणूस. मोडला गेलेला विक्रम हवाईच्या ड्यूक काहानामोकूचा होता. ड्यूक म्हणजे तोपर्यंत पाण्याचा अनभिषिक्त राजा.

आणि इथंच पेच आला. १९२४ चं पॅरिस ऑलिम्पिक तोंडावर होतं. अमेरिकेच्या संघातून जायचं तर अमेरिकेचा नागरिक असल्याचा पुरावा हवा. जॉनी जन्मला युरोपात. अमेरिकेच्या भूमीवर जन्मला होता तो धाकटा पीटर. कुटुंबानं काय केलं असेल, याचा अंदाज आपल्या वाचकांना बांधता येईल, कारण दाखल्यातल्या तारखांची आपल्यालाही चांगली ओळख आहे. मोठ्यानं धाकट्याचं जन्मगाव घेतलं. कागदोपत्री विंडबरला जन्मला तो जॉनी, आणि पीटर झाला परदेशात जन्मलेला. पीटरनं कधी तक्रार केल्याचं दिसत नाही. दोघे भाऊ पुढंही एकत्र पोहत राहिले.

पॅरिसच्या तलावात जॉनीनं १०० मीटर जिंकली. दुसरा आला ड्यूक, तिसरा ड्यूकचा भाऊ सॅम. ४०० मीटरमध्ये त्यानं स्वीडनचा आर्ने बोर्ग आणि ऑस्ट्रेलियाचा अँड्र्यू चार्लटन या दोघांना मागं टाकलं. सांघिक शर्यतीतलं तिसरं सुवर्ण, आणि वर वॉटर पोलोचं कांस्य. शर्यतींच्या मधल्या वेळात हा आणि स्टबी क्रूगर नावाचा सहकारी उड्या मारण्याचे विनोदी प्रकार करून लोकांना हसवत. मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. पदकांच्या राशीत बसलेला हा पोरगा तेव्हाच प्रेक्षकांकडे बघत होता. चार वर्षांनी ॲमस्टरडॅमला आणखी दोन सुवर्णपदकं आली. अमेरिकेतली ५२ राष्ट्रीय विजेतेपदं त्याच्या नावावर लागली. १९५० साली अमेरिकी क्रीडा पत्रकारांनी गेल्या अर्धशतकातला सर्वश्रेष्ठ जलतरणपटू निवडला तेव्हा दुसऱ्या नावाचा फारसा विचार झाला नाही.

एक प्रसंग मात्र पदकांच्या यादीत बसत नाही. जुलै १९२७. जॉनी आणि पीटर मिशिगन सरोवरात सराव करत होते. अचानक वादळ उठलं आणि सहलीला निघालेली ‘फेवरिट’ नावाची बोट उलटली. बोटीत बायका आणि मुलंच जास्त. दोघा भावांनी पुन्हा पुन्हा बुडी मारून माणसं वर काढली. त्यांतली अकरा वाचली, असं नोंदवलं गेलं आहे. बोटीवरचे बरेच जण मात्र वाचले नाहीत. जन्माचा दाखला वाटून घेतलेले हे दोन भाऊ त्या दिवशी सरोवराच्या पाण्यात काय करत होते, हे जॉनीच्या कुठल्याही चित्रपटापेक्षा मला मोठं वाटतं.

आता पोटाचा प्रश्न. त्या काळचं ऑलिम्पिक हौशी खेळाडूंचं. खेळातून एक पैसा घेतला की खेळाडू बाद. जिम थॉर्पचं उदाहरण सगळ्यांसमोर होतं. १९१२ साली दोन सुवर्णपदकं जिंकलेल्या या माणसानं कधीकाळी बेसबॉल खेळून किरकोळ पैसे घेतले होते, एवढ्यावरून त्याची पदकं काढून घेतली गेली. अमेरिकी फुटबॉलमध्ये दिग्गज ठरलेला हाच थॉर्प पुढं हॉलिवूडमध्ये गर्दीतल्या भूमिका करत हिंडत होता. म्हणजे विक्रमांनी भरलेला माणूस पंचविशीत येऊन उभा राहतो तेव्हा त्याच्या हातात कप असतात, धंदा नसतो. जॉनीनं १९२९ साली निर्णय घेतला. बीव्हीडी ही आतले कपडे बनवणारी कंपनी पोहण्याचे पोशाख विकू पाहत होती. आठवड्याला ५०० डॉलर देऊन तिनं जॉनीला करारात बांधलं. गावोगाव जायचं, तलावात पोहून दाखवायचं, पोशाख घालून फोटो काढून घ्यायचे. पुढल्याच वर्षी क्रॉल पद्धतीनं कसं पोहावं यावर त्याच्या नावानं एक पुस्तकही निघालं. खेळाडूच्या अंगावरचा कपडा विकण्याचा जो प्रचंड धंदा आज आपण पाहतो, त्याच्या आरंभीच्या मंडळींत हा एक.

इथपर्यंत सिनेमा त्याच्या मनात फारसा नसावा. पण एमजीएम ही कंपनी तेव्हा एडगर राइस बरोज यांच्या टारझनचा बोलपट काढायच्या तयारीत होती आणि तिला एक देह हवा होता. टारझनची भूमिका तोवर बहुधा दणकट देहाच्या माणसांकडं जायची. १९२७ च्या मूकपटात टारझन झालेला जेम्स पिअर्स हा इंडियाना विद्यापीठाचा नावाजलेला फुटबॉलपटू. गंमत म्हणजे तो पुढल्या वर्षी लेखक बरोज यांचा जावईच झाला. या वेळीही निवड झाली होती हर्मन ब्रिक्सची. विद्यापीठाच्या फुटबॉल संघात गाजलेला, वर १९२८ च्या ऑलिम्पिकमध्ये गोळाफेकीचं रौप्यपदक मिळवलेला. पण ‘टचडाउन’ नावाच्या एका चित्रपटाच्या चित्रीकरणात त्याचा खांदा मोडला. तो चित्रपट कशावर होता? फुटबॉलवर! खऱ्या मैदानावर शाबूत राहिलेला खांदा खोट्या मैदानावर गेला, आणि टारझन रिकामा झाला.

पटकथाकार सिरिल ह्यूम यांनी हॉलिवूडमधल्या एका तलावावर जॉनीला पोहताना पाहिलं. अभिनयाचा अनुभव विचारण्यात अर्थ नव्हता. अडचण होती ती बीव्हीडीच्या कराराची. तोडगा असा निघाला की एमजीएमच्या नामांकित तारकांनी बीव्हीडीचे पोशाख घालून फोटो द्यायचे आणि कंपनीनं जॉनीला मोकळं करायचं. देवाणघेवाणीत जॉनीला कुणी काही विचारलं असेल असं वाटत नाही.

१९३२ साली ‘टारझन द एप मॅन’ आला आणि जगभर चालला. बरोज यांच्या कादंबरीतला टारझन इंग्रज उमरावाचा मुलगा, अनेक भाषा बोलणारा. पडद्यावरचा टारझन दोन-चार शब्दांपलीकडं बोलत नाही. बरोज यांना हे मुळीच आवडलं नव्हतं. पण नटाला संवाद म्हणायला येत नसतील तर भूमिकाच मुकी करावी, ही शक्कल कंपनीच्या दृष्टीनं नामी होती. झाडांवरचे अवघड झोके बहुतांशी आल्फ्रेडो कोडोना या सर्कशीतल्या कसलेल्या कलावंताचे. पण पाण्यातला प्रत्येक हात जॉनीचा स्वतःचा. ते तुकडे आज पाहिले तरी नजर हलत नाही. मोरीन ओसलिव्हन ही नायिका, चीता हे माकड, आणि १९३९ पासून ‘बॉय’ हा मुलगा. टारझन आणि जेन यांचं रीतसर लग्न झालेलं नसल्यामुळे त्यांना स्वतःचं मूल दाखवणं सेन्सॉरला चालण्यासारखं नव्हतं. म्हणून विमान अपघातातून वाचलेलं एक बाळ त्यांना मिळतं, असं कथानक रचावं लागलं! बॉयचं काम करणाऱ्या छोट्या जॉनी शेफील्डला पोहायला जॉनीनंच शिकवलं.

आणि ती आरोळी. कंपनीच्या प्रसिद्धी खात्यानं सांगितलं की ती निरनिराळे प्राणी आणि वाद्यं यांचे आवाज मिसळून प्रयोगशाळेत बनवली. जॉनी आयुष्यभर सांगत राहिला की ती त्याचीच आहे, युरोपातल्या डोंगराळ भागात गळा वरखाली करत घालतात त्या सादेवरून घेतलेली. दोन्हींत थोडंथोडं खरं असावं. पण जर्मन मातृभाषेच्या घरातला हा मुलगा, ज्यानं आपलं गाव जगापासून लपवलं, त्यानं जगभर प्रसिद्ध केलेला आवाज मात्र त्याच मुलखाच्या वळणाचा होता, हे माझ्या मनातून जात नाही.

मुंबईला या आरोळीची लागण लगेच झाली. वाडिया मूव्हीटोननं १९३७ मध्ये ‘तूफानी टारझन’ काढला. दिग्दर्शक होमी वाडिया आणि टारझन झाला जॉन कावस, हा पारशी तरुण मुळात शरीरसौष्ठवातला. म्हणजे आपल्याकडंही टारझन शोधायला मंडळी व्यायामशाळेतच गेली. १९३८ साली खुद्द एमजीएमनं धोबी तलावाशी मेट्रो थिएटर बांधलं. होमी वाडियांनी पुढं १९५८ साली ‘झिंबो’ आणला, तोही त्याच झाडाचं फळ. माझ्या लहानपणी आमच्या तालुक्याच्या टॉकीजला जुन्या टारझनची झिजलेली प्रत यायची. पडद्यावर पावसाच्या रेघा, आवाज मधेच गायब. पण नदीत मगर दिसली आणि टारझननं कड्यावरून सूर मारला की अख्खं थिएटर श्वास रोखून बसायचं. आमच्या गल्लीतल्या किमान दोन पोरांनी पुढल्या रविवारी विहिरीत तशी उडी घेतली आणि घरी मार खाल्ला. उघड्या अंगानं हिंडणाऱ्या पोराला टारझन म्हणायची पद्धत तेव्हापासूनची.

एमजीएमसाठी सहा, नंतर आरकेओसाठी सहा, असे बारा टारझनपट झाले. मधे न्यूयॉर्कच्या १९३९ च्या जागतिक प्रदर्शनात बिली रोझच्या ‘अॅक्वाकेड’ या पाण्यावरच्या भव्य खेळात तो मुख्य आकर्षण होता. लग्नं पाच झाली. त्यांतलं लूपे वेलेझ या मेक्सिकन अभिनेत्रीबरोबरचं वादळी होतं. बाकी तपशिलात शिरण्याचं कारण नाही. १९४८ मध्ये पडद्यावर आलेला ‘टारझन अँड द मर्मेड्स’ मेक्सिकोत अकापुल्कोला चित्रित झाला होता. जॉनीनं चाळिशी ओलांडली होती. कंबर सुटली होती. लंगोट घालून उभं राहण्याचे दिवस संपले, आणि टारझन दुसऱ्या नटाकडं गेला.

तेव्हा त्याला जे कळलं असेल ते कुठल्याही खेळाडूनं, आणि त्याच्या आईवडिलांनीही, ध्यानात घेण्यासारखं आहे. टारझन त्याचा नव्हता. टारझनचे हक्क बरोज यांच्या कंपनीचे. जगातली पोरं ज्याला टारझन म्हणत होती, त्याला स्वतःच्या दुकानावर ते नाव लावण्याचा अधिकार नव्हता. पुढं कोलंबिया कंपनीनं त्याला शिकाऱ्याचे कपडे चढवून ‘जंगल जिम’ बनवलं. निर्माता सॅम कॅट्झमन, खर्च बेताचा, जंगल स्टुडिओतलं. या मालिकेत सोळा चित्रपट निघाले. शेवटच्या तिनांच्या वेळी ‘जंगल जिम’ हे नाव दूरदर्शन मालिकेसाठी राखून ठेवलं गेलं होतं. मग पडद्यावरच्या नायकाचं नाव काय ठेवायचं? जॉनी वाइसमुलर! कथा तीच, टोपी तीच, नाव नटाचं. वयाच्या पन्नाशीत त्याला अखेर स्वतःच्या नावाची भूमिका मिळाली, तीही दुसरं नाव वापरता येत नव्हतं म्हणून.

आता व्यवसायाकडं येऊ. महायुद्धानंतर अमेरिकेत शहरांबाहेर नवी वसाहत उठली. घर, मोटार, मागं हिरवळ, आणि जमलं तर त्या हिरवळीत पोहण्याचा तलाव. आधी जी चैन फक्त सिनेनटांची होती ती कारकुनाच्या आवाक्यात येऊ लागली. अशा वेळी तलाव विकायला वाइसमुलरपेक्षा चांगलं नाव कुठलं? १९५० च्या दशकाच्या अखेरीस तो शिकागोला परतला आणि त्याच्या नावाची जलतरण तलावांची कंपनी निघाली. पुढं नैसर्गिक खाद्यपदार्थांची दुकानं निघाली, भेटवस्तूंची दुकानं निघाली, पेयपानाच्या जागाही निघाल्या. प्रत्येक पाटीवर जॉनी. आरोग्य, पोहणं, निसर्ग या गोष्टींचा अमेरिकेत नुकता कुठं बाजार भरू लागला होता. कल्पना चुकीची नव्हतीच. चूक असलीच तर ही, की यातल्या बहुतेक ठिकाणी जॉनी फक्त पाटीवर होता. हिशेब दुसरे बघत, माल दुसरे घेत, आणि उद्घाटनाला आरोळी देऊन जॉनी पुढल्या गावी जाई. सिनेमाच्या भरभराटीच्या काळातही त्याचा पैसा दुसऱ्यांच्याच हाती असे, आणि त्यातला बराचसा विरघळला.

त्याच वेळी त्याच वाटेनं दुसरा एक जण चालला होता, म्हणून हे म्हणायचं धाडस करतो. बस्टर क्रॅब. १९३२ च्या ऑलिम्पिकमध्ये ४०० मीटरचं सुवर्ण त्यानं सेकंदाच्या दहाव्या भागानं जिंकलं. तोही टारझन झाला, ‘फ्लॅश गॉर्डन’ म्हणून तर घराघरांत गेला. १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या ‘अॅक्वाकेड’मध्ये तो जॉनीच्याच जागी उभा होता. अभिनय त्याचाही बेताचाच. पण त्यानं तलावांच्या धंद्यात लक्ष घातलं, एका मोठ्या हॉटेलात पाण्याचं खातं सांभाळलं, मुलांसाठी उन्हाळी शिबिर चालवलं, आणि उतारवयातल्या लोकांनी व्यायाम कसा करावा यावर १९७६ मध्ये पुस्तक लिहिलं. साठी उलटल्यावर आपल्या वयोगटात तो विक्रमही करत होता. क्रॅब दुकानात जाऊन बसला. जॉनीनं दुकानाला नाव दिलं. माझ्या मते दोघांच्या उत्तरायुष्यातलं अंतर इथं पडलं.

अर्थात जॉनीला दोष देताना मला जड जातं. त्याला धंदा शिकवला कुणी? वयाच्या सोळाव्या वर्षापासून बॅक्रॅकनं सांगितलं तसं पोहला, कंपनीनं सांगितलं तिथं फोटो दिला, दिग्दर्शकानं सांगितलं तिथून उडी घेतली. माणूस दिलदार, गप्पिष्ट, कुणालाही नाही न म्हणणारा. क्युबातल्या क्रांतीच्या दिवसांतली एक हकिकत सांगतात. गोल्फ खेळायला गेलेल्या जॉनीची मोटार बंदूकधारी क्रांतिकारकांनी अडवली. भाषा येईना. जॉनी खाली उतरला, छाती ठोकून त्यानं ती आरोळी दिली, आणि बंदुका खाली आल्या. पुढं त्याच लोकांनी त्याला मुक्कामी पोचवलं. अशा माणसाला हिशेबाची वही कुणी दाखवावी?

१९६५ मध्ये फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेल इथं जलतरणाचं आंतरराष्ट्रीय सन्मानगृह उभं राहिलं. त्याचा पहिला अध्यक्ष जॉनी होता आणि पहिल्या मानकऱ्यांत जॉनी आणि ड्यूक दोघेही होते. नावाला खरी शोभेल अशी ही एक जागा त्याला मिळाली. पण तिच्यावर घर चालत नव्हतं. १९७० नंतरच्या काही वर्षांत तो लास व्हेगासच्या सीझर्स पॅलेस या जुगारगृहात नोकरीला होता. काम काय, तर येणाऱ्या पाहुण्यांचं स्वागत करायचं. त्याच दारात मुष्टियुद्धातला एकेकाळचा जगज्जेता जो लुई हेच काम करत असे. लोक हात मिळवत, फोटो काढत, आणि आत खेळायला जात.

१९७४ मध्ये त्याच्या खुब्याचं हाड आणि पाय मोडला. इस्पितळात तपासणी झाली तेव्हा हृदयविकारही निघाला. रोज पोहणारा, रोज व्यायाम करणारा माणूस. त्याला स्वतःला हा धक्का मोठा असणार. १९७७ पासून पक्षाघाताचे झटके आले. १९७९ मध्ये त्याला कॅलिफोर्नियातल्या चित्रपट कलावंतांच्या वृद्धाश्रमात ठेवलं. तिथं तो रात्री-बेरात्री मोठमोठ्यानं ओरडे आणि बाकीच्या रहिवाशांना त्याचा त्रास होई. हे वाचताना पोटात कालवतं. शेवटची पत्नी मारिया त्याला घेऊन अकापुल्कोला गेली, जिथं त्याचा शेवटचा टारझनपट झाला होता. २० जानेवारी १९८४ ला तो तिथंच गेला. वय ७९. शवपेटी खाली उतरवताना, त्याच्याच इच्छेनुसार, ध्वनिफितीवरून टारझनची आरोळी तीनदा वाजवण्यात आली.

त्याच वर्षी अमेरिकेत ऑलिम्पिक भरलं, आणि एका अमेरिकी नियतकालिकानं त्याच्या जन्माचं प्रकरण उकरून काढलं. फ्रायडॉर्फच्या चर्चच्या वहीत जून १९०४ चा त्याचा बाप्तिस्मा सापडला. विंडबरच्या चर्चच्या वहीतही नोंद होती, पण ती सप्टेंबर १९०५ मध्ये जन्मलेल्या पीटरची. त्या नावाशेजारी कुणीतरी, वेगळ्या अक्षरात, मागाहून ‘जॉन’ असं लिहिलं होतं.